कोरा कोट

दुपारच्या वेळी बंबखान्यात शिरलं की आधी काहीच दिसत नसे. बाहेरच्या उन्हाने डोळे दिपलेले, आणि आत गारवा नि अंधार. मग हळूहळू लाल बंबांच्या कडा दिसू लागत, मग पितळी नळांची तोंडं, आणि सगळ्यात शेवटी भिंतीवर खुंट्यांना ओळीने टांगलेले कोट. माणसं वरच्या खोलीत घोरत पडलेली असत. कोट मात्र जागे वाटत. वारा नसतानाही एखाद्या कोटाची बाही किंचित हलायची, आणि ती मनातल्या मनात त्याला ‘झोप, झोप, घंटा नाही वाजली’ असं म्हणून जिना चढायची.

ती कोण, तर बंबवाल्यांना कामावर काय काय लागतं आणि त्यांच्या अंगात काय काय जाऊन बसतं, याचा अभ्यास करणारी बाई. विद्यापीठाने तिला एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि बरण्यांनी भरलेलं एक कपाट दिलं होतं. बाकीचं सगळं तिने स्वतःच्या चिकाटीवर उभं केलं होतं. तिचं मुख्य हत्यार म्हणजे एक मऊ रबरी पट्टा. तो मनगटात घालायचा आणि आठवडाभर काढायचा नाही. आंघोळीत नाही, झोपेत नाही, आगीत तर नाहीच. हवेत जे असेल ते तो पट्टा मुकाट्याने पिऊन घेतो. मग त्याला बरणीत बंद करून प्रयोगशाळेत पाठवायचं, आणि तिथली मंडळी त्याच्याकडून सगळं वदवून घेतात.

बंबखान्यात तिला पट्टेवाल्या ताई म्हणत. हे घरी कळल्यावर आई म्हणाली होती, “एवढी शिकलीस आणि शेवटी पट्टेवालीच झालीस.”

पट्ट्यांचं काम सोपं होतं. जिकिरीचं होतं ते दुखापतींची माहिती काढणं. कारण बंबखान्यात कुणालाच कधी काही लागलेलं नसे. “मला नाही हो ताई, माझ्या एका मित्राचा गुडघा गेला,” असं एक जण सांगायचा आणि उठताना स्वतःचा गुडघा धरायचा. मित्राची पाठ, मित्राचे भाजलेले कान, मित्राचा झोपेतला खोकला. त्या एका मित्राच्या अंगावर सगळ्या बंबखान्याची दुखणी लादलेली होती, आणि तो बिचारा कधी कामावर हजर नसे.

या मंडळींचा म्होरक्या होता काडेपेटी. अंगाने किडकिडीत, चटकन पेटणारा, निवृत्तीला टेकलेला. तिचं सगळ्यात मोठं भांडण त्याच्याशी होतं, आणि ते भांडण कोटांवरून होतं.

कोट धुवायचा नाही, हा तिथला कायदा. कुठे लिहिलेला नव्हता, म्हणून कुणी मोडतही नव्हतं. नवा माणूस कामावर आला की त्याला पिवळाधमक कोट मिळे, आणि त्या कोटापायी त्याचं नाव ‘कोरा’ पडे. कोऱ्या, चहा आण. कोऱ्या, शिडी धर. चांगली मोठी आग होऊन कोट काळवंडला की मगच त्याला त्याचं स्वतःचं नाव परत मिळायचं. जितका कोट काळा, तितका मान मोठा. वरच्या साहेबांनी कोट धुण्यासाठी एक भलंमोठं यंत्र आणून ठेवलं होतं, गोल काचेच्या दाराचं. त्याच्यावर पत्त्यांचा डाव फार छान बसायचा.

ती कळवळून सांगायची. आग विझते ती जागेवर, कोटात ती विझत नाही. रबर, रंग, प्लास्टिक, गाद्या, जे जे जळलं ते सगळं कापडात मुरून बसतं, आणि मग महिनोन् महिने थोडं थोडं बाहेर पडत राहतं. काडेपेटी पत्ते पिसता पिसता ऐकून घ्यायचा. मग म्हणायचा, “ताई, कोट धुवायचा नाही हे मला तुमच्या बाबांनी शिकवलं. आधी त्यांना विचारून या.”

पण बाबांना काही विचारण्याचे दिवस राहिले नव्हते.

बाबा याच बंबखान्याचे जुने प्रमुख. ज्या घरांतून सगळे बाहेर पळत, त्या घरांत ते आत जात. आता त्यांना सकाळ आणि दुपार यांतला फरक कळत नसे. खिडकीपाशी बसून ते रस्त्याकडे बघत राहत आणि आईने पुढ्यात ताट ठेवलं की अदबीने म्हणत, “तुम्ही लोक फार चांगले आहात, पण मला आता निघायला हवं.” आई म्हणायची, “जेवून निघा.” मग ते जेवत, आणि निघायचं विसरून जात.

संध्याकाळ झाली की मात्र त्यांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. उजेड पिवळा व्हायचा, समोरच्या घरांच्या काचा लाल दिसू लागायच्या, आणि बाबा उठून घरभर बूट शोधत फिरायचे. “घंटा वाजली. कुणाला ऐकू कशी येत नाही?” मग आई कोट काढायची.

तो कोट निवृत्तीच्या दिवशी साथीदारांनी त्यांना मानाने दिला होता. अर्थातच न धुतलेला. तो पलंगाजवळच्या खुंटीवर असे. आई तो खाली घ्यायची, झटकायची, त्यांच्या खांद्यांवर चढवायची आणि एकेक कडी लावायची. बाबा उजवी बाही नाकाशी नेत, डोळे मिटत आणि खोल श्वास घेत. आणि बाबा परत येत. कुठून येत कोण जाणे, पण येत. डोळे उघडून आईला म्हणत, “अगं, किती दमलीस. बस जरा.” मग लेकीकडे वळून, “ठिणगी, तू कधी आलीस?”

ठिणगी हे नाव त्यांनीच ठेवलेलं. जन्मभर आगी विझवल्या, ही एकच काही विझली नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, आणि ती लहान असताना या वाक्यावर फुरंगटून बसायची. आता तेच वाक्य ऐकायला ती बंबखान्यातून घाईघाईने घरी यायची. तासभर तिघं बसत. बाबा जुन्या गोष्टी सांगत, आई त्यांतल्या चुका काढी, आणि खोलीतला उजेड विटत विटत जाई. मग बाबा पेंगू लागत. आई अलगद कोट उतरवी आणि कोटाबरोबर बाबाही निघून जात. सगळा दिवस त्या एका तासासाठी काढायचा, हे मायलेकींचं न बोलता ठरून गेलं होतं.

तिच्या अभ्यासाला आगीशी काही देणंघेणं नसलेली माणसंही लागत. बंबवाल्यांच्या पट्ट्यांत जे सापडेल ते साध्या माणसांच्या पट्ट्यांशी ताडून पाहायचं असतं. तिने एक शाळामास्तर गाठला होता, एक शिंपी, एक वाचनालयात पुस्तकं लावणारी बाई. आणखी एक जण आयत्या वेळी गळाला, तेव्हा तिने आईच्या मनगटात पट्टा अडकवला. आई घराबाहेर फारशी पडत नव्हती. घरात कुणी विडी-सिगारेट ओढत नव्हतं. याहून स्वच्छ माणूस शोधून सापडला नसता.

“बांगडी म्हणून वाईट नाही,” आई मनगट फिरवत म्हणाली आणि खोकली. आईचा खोकला जुना होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे जितकं लक्ष जाई, तितकंच त्या खोकल्याकडे जाई.

काही दिवसांनी प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन आला. “तुझ्या खोक्यांत गोंधळ झालाय. साध्या माणसांच्या खोक्यात एक बंबवाला घुसलाय.”

“शक्य नाही. मी स्वतः भरली होती खोकी.”

“मग तूच घुसवलास. आणि नुसता बंबवाला नाही, चांगला मुरलेला आहे.”

कुठल्या बरणीबद्दल बोलणं चाललंय ते विचारल्यावर मैत्रिणीने आकडा सांगितला. ती आईच्या पट्ट्याची बरणी होती. तिने पुन्हा तपासायला सांगितलं. पुन्हा तेच निघालं. “अगं, बरणी उघडल्या उघडल्या वास येतो,” मैत्रीण म्हणाली. “भरताना तुला आला नाही?”

तिला आला नव्हता.

त्या दिवशी ती घराच्या उंबऱ्यावर थांबली आणि परक्या माणसासारखा वास घेऊ लागली. काही केल्या वास येईना. घराला घराचा वास येत होता. कपड्यांचा, जुन्या लाकडाचा, बाबांचा. लहानपणी बाबा कामावरून येऊन तिला उचलून घेत तेव्हा हाच वास यायचा, आणि तिला वाटायचं, सगळ्याच बाबांना असा वास येतो. शाळेतल्या एका मैत्रिणीच्या वडिलांना नुसता साबणाचा वास येत होता, तेव्हा तिला त्या मुलीची फार दया आली होती.

तिने आत जाऊन पलंगाजवळच्या खुंटीकडे पाहिलं. जी बाई जगाला कोट धुवायला सांगत हिंडत होती, तिच्या घरात आईच्या उशीपासून हातभर अंतरावर एक न धुतलेला कोट टांगलेला होता. आणि तो कोट आहे हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तिला ते बाबा वाटत होते. तिला स्वतःचा भयंकर राग आला आणि त्या रागाचं काय करावं ते कळेना.

तिने आईला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, फोटो काढले, आणि चष्मा पुसत म्हणाले, “सुरुवात आहे. कारण दूर केलंत तर थांबेल. नाही केलंत तर थांबणार नाही.” घरी आल्यावर आईने संध्याकाळचा कोट काढायला हात वर केला, तेव्हा लेकीने तो हात धरला.

“आई, हा कोट घरात ठेवता येणार नाही.”

“मग त्यांनाही ठेवता येणार नाही,” आई म्हणाली.

“तुला डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?”

“ऐकलं. तू मोजतेस ना सगळं? मग हेही मोज. दिवसभर मी एका परक्या माणसाला भरवते, त्याचे पाय चेपते, तो मला अहो-जाहो करतो ते ऐकून घेते. संध्याकाळी तासभर माझा नवरा घरी येतो. तो तास तुझ्या कुठल्या बरणीत बसतो ते सांग मला.”

“आणि तू गेलीस तर त्या तासाला दार कोण उघडणार?”

आई पलंगाच्या कडेवर बसली. बाबा बूट शोधत दुसऱ्या खोलीत गेले आणि परत आले. मायलेकींच्या मधून ते दोनदा गेले, दोन्ही वेळा “जरा जाऊ द्या हं” असं म्हणून.

“धुतला तर?” आईने विचारलं. “धुतल्यावर वास राहील?”

“नाही.”

“थोडासुद्धा?”

खोटं बोलणं तिला सहज जमलं असतं. पण खोट्याची तिला सवय नव्हती, आणि आईला तिच्या तोंडाकडे बघून ते कळलंच असतं. “थोडा राहिला तर धुतला असं म्हणता येणार नाही,” ती म्हणाली.

आईने कोट खुंटीवरून काढला, मांडीवर घेतला आणि त्याच्या कॉलरवरून हात फिरवला. हाताला काजळी लागली. “मग तूच धू,” ती म्हणाली. “माझ्या हातून नको. पण आज घालू दे त्यांना.”

म्हणून त्या संध्याकाळी खिडक्या सताड उघडून, आईला वाऱ्याच्या बाजूला बसवून, त्यांनी बाबांना तो काळा कोट शेवटचा घातला. बाबांनी बाही हुंगली आणि परत आले. त्या दिवशी त्यांना कधी नव्हे इतकं आठवत होतं. तेलाच्या गोदामाच्या आगीत मध्यरात्री फुटलेली पिंपं आठवत होती, आईने पहिल्यांदा कोट पाहून नाकाला लावलेला पदर आठवत होता, आणि लेकीचं पहिलं वाक्य आठवत होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “मी तुमचा कोट धुवायला नेतेय.”

बाबा मोठ्याने हसले. “वेडी की काय तू? धुतलेला कोट कोऱ्यांचा. मला शिडी धरायला लावतील.”

“लावू देत.”

“साहेबांना शिडी?” त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. “ठिणगी ती ठिणगीच.”

तिला रडू कोसळलं. बाबांनी काय झालं, काय झालं म्हणून खूप विचारलं, आणि उत्तर यायच्या आत त्यांना पेंग आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोट पिशवीत बांधून बंबखान्यात गेली. यंत्रावर पत्त्यांचा डाव रंगात आला होता. तिने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, “डाव उचला.”

काडेपेटीने पिशवीत डोकावून पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. त्याने दोन्ही हातांनी कोट बाहेर काढला. “हा साहेबांचा कोट आहे.”

“हो.”

“हा धुणार तुम्ही?”

“मीच सगळ्यांना सांगत फिरते ना? मग माझ्या घरापासून सुरुवात.”

तो पेटणार असं सगळ्यांना वाटलं. पण तो पेटला नाही. त्याने कोटाची बाही नाकाशी नेली आणि डोळे मिटले, अगदी बाबा मिटत तसे. “हे तेलाचं गोदाम,” तो म्हणाला. मग पाठीवर नाक टेकवून, “हे नाट्यगृह. पडदा जळताना असाच वास येत होता.” मग खिशाजवळ, “आणि हे ते औषधांचं दुकान. इथे मी खाली पडलो होतो, आणि साहेब मला याच कोटात गुंडाळून बाहेर घेऊन आले.” तो जे सांगत होता ते खरं होतं की त्याला तसं वाटत होतं, हे कोण ठरवणार. वर झोपलेली माणसं एकेक करून जिन्यावर येऊन उभी राहिली होती.

“म्हणजे पडला तो तुमचा मित्र नव्हता,” ती हळूच म्हणाली.

“नव्हता,” काडेपेटी म्हणाला. त्याने स्वतःच यंत्राचं दार उघडलं आणि कोट आत ठेवला.

पाणी सुटलं. काचेआड कोट एकदा हात वर करून उलटा झाला, आणि पाणी करडं झालं, मग काळं, मग इतकं काळं की आत काहीच दिसेना. यंत्राने ते पाणी सोडून दिलं आणि नवं घेतलं. तेही काळं झालं. मोरीतून काळा ओघळ बंबांच्या चाकांमधून वाहत दाराकडे निघाला आणि मंडळी पाय मागे घेऊन त्याला वाट देऊ लागली. यंत्राच्या संथ घरघरीत तिला गुंगी आल्यासारखं झालं. तिला वाटलं, एकेक आग तिथून उठून चाललीय, गोदाम चाललंय, नाट्यगृह चाललंय, आणि त्यांच्या मागोमाग उचलून घेतलेली एक लहान मुलगी चाललीय. कुणीतरी डोक्यावरची टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढली.

पाणी शेवटी स्वच्छ आलं. दार उघडलं तेव्हा आतून पिवळाधमक कोट निघाला. तो मुळात पिवळा होता, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. काडेपेटीने तो झटकून तिच्या हातात दिला, मग भिंतीपाशी गेला आणि स्वतःचा काळा कोट खुंटीवरून काढून तो हातात धरून बराच वेळ उभा राहिला. “माझा अजून राहू दे, ताई,” तो म्हणाला आणि कोट परत टांगला. त्या दिवशी त्या यंत्रावर कुणी पत्ते मांडले नाहीत.

संध्याकाळी उजेड पिवळा झाला. बाबा बूट शोधायला लागले. आईने लेकीकडे पाहिलं, पिवळा कोट हातात घेतला आणि त्यांच्या खांद्यांवर चढवला. मग एकेक कडी लावली. बाबांनी सवयीने बाही नाकाशी नेली आणि डोळे मिटले. खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला.

बाबांनी डोळे उघडले. त्यांनी बाहीकडे पाहिलं, मग दुसऱ्या बाहीकडे, मग खाली पोटाकडे. सगळीकडे पिवळं. ते ताठ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर घालमेल नव्हती. एक संकोचलेलं, उत्सुक हसू होतं, आणि ते हसू लेकीने आजवर कधी पाहिलेलं नव्हतं.

“आज माझा पहिला दिवस,” त्यांनी तिला सांगितलं. “कुठे उभं राहू, मॅडम?”

“बाबा,” ती म्हणाली.

कुणाला हाक मारली ते पाहायला त्यांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. त्यांनी पुन्हा तिच्याकडे पाहिलं, आदराने आणि थोड्या भीतीने, ओळखीची खूणही न दाखवता. ती ज्या एका हाकेसाठी रोज धावत घरी यायची, ती हाक मोरीतून वाहून गेली होती, आणि ती तिने स्वतःच्या हाताने वाहवली होती.

“इथे बसा,” ती म्हणाली.

बाबा खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. त्यांची नजर खोलीभर फिरली आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या आईवर जाऊन थांबली. थांबली ती हलेना. मग ते लेकीच्या बाजूला झुकून कुजबुजले, “त्या कोण?”

“त्या इथेच राहतात.”

“लग्न झालंय त्यांचं?”

आई वयाने थकली होती, पण कानाने नाही. “मलाच विचारा की,” ती म्हणाली. बाबांचे कान लालबुंद झाले, आणि ते कोटाची एक कडी फार बारकाईने तपासू लागले. आई आधी हसली, हसता हसता खोकली, मग तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिली. मागून तिचा हात केसांवरून फिरला आणि त्याने एक चुकार बट सारखी केली.

लेकीने पिशवीतून एक नवा पट्टा काढला. नव्या माणसाचा पहिला पट्टा आगीत जायच्या आधी घ्यायचा असतो, हा तिच्या कामाचा कायदा. बाबांनी लगेच मनगट पुढे केलं.

“हे कशाला असतं?”

“तुमच्या अंगात किती धूर जातो ते कळावं म्हणून.”

ते विचारात पडले. मग आईला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, “एक विचारू का? बाकीच्यांना विचारलं तर हसतील. हे काम धोक्याचं असतं का हो?”

सगळं शिक्षण, सगळी वर्षं, सगळ्या बरण्या याच एका प्रश्नासाठी होत्या. आणि ज्याने तो वेळेवर विचारायला हवा होता, तो माणूस आता विचारत होता.

“असतं,” ती म्हणाली. “आगीत जेवढं असतं तेवढंच आगीनंतरही असतं. आग विझली तरी मास्क लगेच काढायचा नाही. कोट प्रत्येक आगीनंतर धुवायचा, कुणी कितीही चिडवलं तरी. हात, मान, कानांच्या मागे, सगळं धुतल्याशिवाय घरी जायचं नाही. कोट तर घरी न्यायचाच नाही.”

बाबा मान हलवून एकेक गोष्ट मनात ठेवत होते. शाळेतला हुशार मुलगा ठेवतो तशी. “बरं झालं सांगितलंत,” ते म्हणाले. “इथे असलं कुणी सांगत नाही.”

“घरी कोण कोण असतं तुमच्या?” तिने विचारलं. तिला विचारल्याशिवाय राहवलं नाही.

“अजून कुणी नाही,” बाबा म्हणाले. त्यांनी चोरून खिडकीकडे एक नजर टाकली आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले. “पण होईल.”

पट्टा नीट बसलाय की नाही ते पाहायचं निमित्त करून ती त्यांचं मनगट धरून बसून राहिली. बाहेर काचांवरचा लाल उजेड उतरत होता. त्या ‘होईल’ची वाट पाहायला तिची काही हरकत नव्हती.